वलांडी घेऊन जपानला

उत्तनच्या पाली गावातल्या व्हिन्सेंट नाखवाचा मुलगा गेविन बोटीवर टिकला नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. किनारा दिसेनासा झाला की त्याला ओकाऱ्या सुटायच्या. बापाने दोन-तीन मोसम प्रयत्न करून पाहिला आणि मग एक दिवस बोटीतून उतरताना सांगून टाकलं, "तुजं पोट जमिनीचं हाय बाबा. जमिनीवरच ऱ्हा." त्याला राग आला नव्हता, वाईट वाटल्यासारखंही दिसत नव्हतं. वजन करून मासळी बाजूला टाकावी तसं त्याने पोराला बाजूला केलं.

गेविन जमिनीवर राहिला. मीरा रोडच्या हाटकेश भागात पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटला आणि तिथेच चाळिशीला आला. मिठाईचे, औषधांचे, बुटांचे खोके कुठे कापायचे, कुठे दुमडायचे, कोणती खाच कशात अडकवायची, हे तो कॉम्प्युटरवर आखायचा आणि नमुना स्वतःच्या हाताने कटरने कापून जुळवून बघायचा. हात फार सफाईचा. त्याच्या बायकोला, ॲमंडाला, तो लग्नाआधी पुठ्ठ्याचे छोटे छोटे प्राणी करून द्यायचा. ती भाईंदर पश्चिमेला एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. त्यांना मूल झालं नाही. त्या विषयावर बोलणं दोघांनी केव्हाच बंद केलं होतं, आणि एक विषय बंद केला की त्याच्या आजूबाजूचेही हळूहळू बंद होतात, तसं त्यांचं झालं होतं. भांडण नव्हतं. घर शांत असायचं.

त्याच कारखान्यात छपाईच्या मशीनवर बुद्धभूषण होता, सगळ्यांचा भूषण. भाईंदर पूर्वेला राहणारा, मूळ परभणीकडचा, गेविनपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, बोलायला फटकळ. जेवणाच्या सुट्टीत दोघं वाया गेलेल्या पुठ्ठ्यावर चौकोन आखून काहीबाही खेळायचे. पुढे मीरा रोडला रविवारी बोर्ड गेम खेळणाऱ्यांचा एक गट जमतो हे कळलं, तेव्हा तिथेही जायला लागले. गेविनला त्या खेळांचं भलतंच वेड लागलं. खेळ जिंकण्यापेक्षा खोका उघडून आतले तुकडे कसे कापलेत, कसे बसवलेत, हे बघण्यात त्याचा जीव रमायचा.

मग त्याने स्वतःचा खेळ केला. नाव ठेवलं 'वलांडी'. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायला बांबूंना आडव्या दोऱ्या बांधतात, ती वलांडी. त्याची आई होती तोवर तो तिच्याबरोबर तिथे उभा राहून दोन दोन बोंबील दोरीवर टाकायचा. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा की जोडी खाली पडत नाही. खेळात प्रत्येकापुढे दोरीची एक छोटी चौकट होती. मासे पुठ्ठ्याचे, प्रत्येकाच्या तोंडाशी खाच. खाचेत खाच अडकवून जोडी दोरीवर टाकायची. जितका जास्त वेळ टांगून ठेवाल तितका मासा सुकणार, तितकी त्याची किंमत वाढणार. पण पत्त्यांच्या गठ्ठ्यात ढगही होते. ढग निघाला आणि मासा दोरीवरच असला, की कुजला. कधी काढायचा आणि कधी धीर धरायचा, एवढाच खेळ. रविवारच्या गटात लोक तो पुन्हा पुन्हा मागून खेळायला लागले. भूषणने डोकं लढवून नियम सुटसुटीत केले, छपाई केली. गटातली समिधा नोकरीसाठी जपानला गेली होती. तिने तिकडून कळवलं की इथे टेबलावरच्या खेळांचा मोठा मेळा भरतो, कोणीही टेबल घेऊन आपला खेळ मांडू शकतो, तुम्ही याच. नियमांचं जपानी मी करून देते.

दोघांनी अर्ज केला. टेबल मिळाल्याचं कळलं त्याच आठवड्यात मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून गेविनच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले.

आधी उजव्या हाताची दोन बोटं ढिली पडली होती. शर्टाचं वरचं बटण लागेना. मग कटर हातातून निसटला आणि मांडीला लागला. त्याला वाटलं, मान आखडली असेल, शीर दबली असेल. पुढे जीभ जड झाली. 'र' आणि 'ळ' तोंडात लोळायला लागले. डॉक्टरीण तरुण होती. तिने मोटर न्यूरॉनच्या आजाराचं नाव सांगितलं, मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या तारा एकेक करून तुटतात म्हणाली. बाकीचं ती इंग्रजीत ॲमंडाकडे बघून बोलली. त्या इंग्रजीत बरा होण्याचा शब्द कुठेच नाही, हे गेविनला कळलं. ॲमंडालाही कळलं. पण रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "फिजिओथेरपी सुरू करू. वेळ लागेल." आणि तो म्हणाला, "हो."

त्यानंतर सगळे तसंच बोलायला लागले. चर्चचे फादर घरी येऊन प्रार्थना करून गेले, तेही तसंच बोलले. व्हिन्सेंट रोज सकाळी दारात उभा राहून विचारायचा, "आज बरं हाय ना?" आणि उत्तर यायच्या आत "हाय, हाय, बरं दिसतंय," म्हणत किनाऱ्याकडे निघून जायचा.

जपानला जायचं निघालं तेव्हा मात्र ॲमंडा पहिल्यांदा चिडली. "तुला पाणी पिताना ठसका लागतो. परक्या देशात काही झालं तर भूषण काय करणार?"

"पुढच्या वर्षी जाईन मग," गेविन म्हणाला.

पुढच्या वर्षी जा, असं तिला म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याची बॅग काढून पुसून ठेवली.

मेळा टोकियोच्या बाहेर, समुद्राजवळच्या एका अवाढव्य हॉलमध्ये होता. नोव्हेंबर होता, बाहेर बोचरा वारा. आत शिरल्यावर गेविन काठीवर रेलून नुसता उभाच राहिला. नजर पोचेल तिथवर टेबलांच्या रांगा, आणि एकेका टेबलामागे कोणीतरी स्वतः घडवलेला खेळ मांडून बसलेलं. कोणी लाकडाचे तुकडे घासून आणलेले, कोणी कापडावर पट शिवलेला, कोणाचा सगळा खेळ काड्यापेटीएवढ्या डबीत. हजारो माणसं होती पण आरडाओरडा नव्हता. पत्ते पिसल्याचा आणि फासे पडल्याचा एक सलग आवाज तेवढा छताखाली भरून राहिला होता. भूषण म्हणाला, "गेविन, हे सगळे आपल्यासारखेच येडे आहेत रे." गेविन हसला. गेल्या कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता.

ते सुख दुपारपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

खेळ समजावून सांगायचं काम गेविनने स्वतःकडे घेतलं होतं. तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगणार, समिधा शेजारी बसून जपानीत सांगणार. पहिलं जोडपं येऊन बसलं. कोवळ्या वयाचे दोघं, उत्सुक. गेविनने बोलायला सुरुवात केली. प्रवासाने थकला होता की काय, पण जीभ साफ पडून गेली. समिधाला शब्द कळेनात. ती "काय? परत सांगता?" म्हणाली, तो परत बोलला, तिला परत कळलं नाही. मग त्याने करून दाखवायला दोन मासे उचलले. खाच खाचेपाशी नेली. बोटं थरथरली आणि मासे टेबलावर पडले. पुन्हा उचलले. पुन्हा पडले. तिसऱ्या वेळी सगळी चौकटच आडवी झाली. ती मुलगी पटकन वाकली, खाली पडलेले मासे गोळा करून दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, उठून उभे राहिले, कमरेत वाकून नमस्कार केला आणि निघून गेले.

"तू जरा आराम कर," भूषण म्हणाला. "मी सांगतो."

"मी सांगतो ना."

"अरे लोक थांबलेत, गेविन. उठ."

गेविन उठला. भूषण त्या खुर्चीत बसला, त्याने दोन मासे घेतले, टक् करून अडकवले आणि दोरीवर टाकले. पुढे उभी असलेली माणसं कौतुकाने हसली. थोड्याच वेळात टेबलाभोवती गर्दी झाली. गेविन मागे पिशव्यांपाशी स्टुलावर बसून आपल्या खेळाकडे बघत होता. खेळ चांगला होता. लोक मासे काढू की नको काढू करत होते, ढग निघाला की कपाळावर हात मारत होते. आपल्यावाचून काहीच अडत नाही, हे त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. तो काठी घेऊन उठला. भूषणला सांगायला गेला नाही.

बराच वेळ तो रांगांमधून फिरला. मग स्वच्छतागृह शोधून आत गेला आणि दाराची कडी कशीबशी लावली. उठताना डावा पाय वळला आणि तो कमोड आणि भिंत यांच्या मधल्या फटीत बसकण मारल्यासारखा अडकला. काठी दाराकडे घरंगळली. भिंतीवर बटणांची पाटी होती. त्यातलं एखादं मदतीचं असणार म्हणून त्याने कोपराने एक दाबलं; आतले आवाज झाकायला ठेवलेला, पाणी वाहत असल्याचा नकली आवाज सुरू झाला. दुसरं दाबलं, तो आवाज वाढला. कडीपर्यंत हात पोचत होता, पण ती सरकवायला अंगठ्याचा जोर लागत होता आणि अंगठ्यात जोर नव्हता. त्याने हाक मारली. भूषणला हाक मारली, मग नुसतंच 'ए' म्हणून ओरडला. बाहेर माणसं येत होती, हात धूत होती, जात होती. त्याच्या तोंडातून जो आवाज निघत होता तो त्या पाण्याच्या आवाजात मिसळून जात होता. त्याची पँट गुडघ्यांशी होती. फरशी गार होती. पुढे सगळं असंच असणार आहे, हे तिथे, त्या फरशीवर बसल्या बसल्या त्याला कळलं. असंच आपण कुठेतरी पडलेले असू, आणि दारापलीकडे लोक आपापल्या कामाला जात असतील.

अखेर कोणीतरी दारावर टकटक केली. जपानीत काहीतरी विचारलं. गेविनने 'हेल्प' म्हणायचा प्रयत्न केला, निघालं ते वेगळंच. पावलं पळत गेली, परत आली, कोणीतरी बाहेरून कडी फिरवली आणि दार उघडलं. हॉलचा एक कर्मचारी होता आणि त्याच्यामागे सत्तरीचा एक सडपातळ म्हातारा, खांद्याला विकत घेतलेल्या खेळांनी फुगलेली निळी कापडी पिशवी. दोघांनी त्याला काखेत धरून उभं केलं. पँट वर ओढली. बटण गेविनला लावता येत नाही हे म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं, तेव्हा त्याने ते लावून दिलं. लावताना मान वळवून भिंतीकडे बघत होता.

गेविनने गळ्यातला बिल्ला दाखवला. त्यावर टेबलाचा नंबर होता. म्हातारा त्याचा दंड धरून हळूहळू चालत त्याला टेबलापर्यंत घेऊन आला.

टेबलापाशी सूट घातलेला एक माणूस बसला होता. एका छोट्या प्रकाशन कंपनीचा, खेळ छापणारा. समिधा मध्ये दुभाषी. भूषणची पाठ गेविनकडे होती. समिधा म्हणत होती, "ते म्हणतायत खेळ आवडला, पण खाचा काढून साधे पत्ते करावे लागतील. बदल करायला, चाचण्या घ्यायला वर्ष-दीड वर्ष जाईल. त्या काळात त्यांच्याबरोबर कोण काम करणार? ज्यांनी केलाय ते, गेविन, की तुम्ही?"

भूषण म्हणाला, "मीच. त्यांना सांग, गेविन तोपर्यंत नसेल."

समिधा थबकली. "असं सांगू?"

"मग कसं सांगणार? तेच खरं आहे. सांग."

तिने मान वर केली तेव्हा तिला गेविन दिसला. तिचा चेहरा पाहून भूषण वळला. सूटवाल्या माणसाला काय झालं ते कळलं नाही. तो कार्ड ठेवून, वाकून निघून गेला.

म्हातारा मात्र तिथेच उभा होता. त्याने टेबलावरच्या दोऱ्यांकडे, माशांकडे पाहिलं आणि समिधाला काहीतरी विचारलं. "ते म्हणतायत, हा तुमचा खेळ का? तुमच्याबरोबर खेळता येईल का?" ती गेविनला म्हणाली.

गेविन बसला. भूषणने त्याच्यासाठी मासे अडकवून द्यायला हात पुढे केला, तेव्हा म्हाताऱ्याने आपला तळहात मध्ये आडवा धरला. हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिला. गेविनने एक मासा टेबलाच्या कडेला टेकवला, दुसरा मनगटाने ढकलत त्याच्या तोंडाशी नेला. निसटला. पुन्हा नेला. मागे दोन माणसं उभी राहिली होती, ती कंटाळून गेली. म्हातारा हलला नाही. जोडी अखेर अडकली, दोरीवर वाकडीतिकडी लोंबली. म्हाताऱ्याने मान हलवली आणि आपला डाव खेळला. मग पुन्हा तसाच थांबला.

"म्हणतायत, घाई नाही," समिधा म्हणाली. "बायको यायची त्यांच्याबरोबर. आता एकटेच येतात."

म्हातारा मासे काढतच नव्हता. दोरी भरत गेली आणि ढग निघाला, तेव्हा त्याचे सगळे मासे कुजले. तो तोंडावर हात ठेवून हसला. गेविन जिंकला होता, पण कानात भूषणचं ते वाक्य घुमत होतं, आणि म्हाताऱ्याने नमस्कार केला तेव्हा उलट वाकायचं त्याला भान राहिलं नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत भूषण बूट काढत होता. गेविन पलंगाच्या कडेला बसला होता. एकेक शब्द सोडवून घेत बोलला, "मला आधी सांगायचंस."

"तुला?" भूषणने बूट खाली टाकला. "तुला कोण सांगणार? तुझी बायको सांगत नाही. तुझा बाप दारातून पळतो. ती डॉक्टरीण इंग्लिशमध्ये सांगते. मीच कसा सांगू तुला? पण तो माणूस विचारत होता, तर त्याच्याशी खोटं बोलू?" आणि एवढा फटकळ माणूस, पण हातात मोजा घेऊन रडायला लागला.

गेविनला खरं तर त्याला शिवी द्यायची होती. दुपारपासून तो ती शिवी जुळवत होता. पण त्याच्या ध्यानात आलं की छातीवरचं काहीतरी उतरलंय. इतके महिने सगळ्यांनी मिळून एक पडदा धरून ठेवला होता आणि त्याचं एक टोक त्याच्याही हातात होतं; धरून धरून हात भरून आले होते. तो म्हणाला, "उद्या तू जा. मी खोलीतच बसतो." दुसऱ्या दिवशी भूषण मेळ्याला गेला आणि गेविन खिडकीतून राखाडी समुद्र बघत पडून राहिला.

परत आल्यावर फार वेळ गेला नाही. नाताळापर्यंत काठी सुटून खुर्ची आली. लेंटच्या, ईस्टरआधीच्या उपासांच्या दिवसांत उजवा हात संपला, मग डावा. कारखान्यात जाणं तर केव्हाच थांबलं होतं. आवाज आतल्या आत ओढला गेला आणि एक दिवस उरलाच नाही. पोटात नळी बसवली, तिच्यातून ॲमंडा पेज, डाळीचं पाणी सोडायची. भूषणने कारखान्यातून पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा आणून त्यावर अक्षरं छापली. तो पत्रा समोर धरायचा, गेविन ज्या अक्षराकडे बघेल ते समोरच्याने ओळखायचं. 'हो'ला डोळे मिटायचे. मात्रा, वेलांट्या त्याने सोडूनच दिल्या, डोळे दुखायचे. नुसती अक्षरं जुळवून भूषण त्याचं बोलणं वाचायचा.

एक विचित्र गोष्ट झाली होती. आजाराने त्याचं हसणं-रडणं त्याच्या ताब्यात ठेवलं नव्हतं. जपानच्या त्या कंपनीने बऱ्याच महिन्यांनी कळवलं की त्यांनी खेळ छापायचा विचार सोडला. भूषणने पलंगाशी बसून ते सांगितलं आणि गेविन हसायला लागला. थांबेचना. तोंड वाकडं, डोळ्यांतून पाणी, छाती धापा टाकतेय. भूषण घाबरून "गेविन, गेविन" करत राहिला. आत गेविन मुळीच हसत नव्हता. आत त्याला आपली आई वलांडीपाशी उभी दिसत होती, आणि हे कोणाला सांगायचं तर अक्षरं फार लागतील म्हणून त्याने ते सोडून दिलं.

मग श्वासाचं आलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं दमतायत. गळ्याला भोक पाडून मशीन लावता येईल. मशीन श्वास घेत राहील. किती काळ, ते सांगता येत नाही. ॲमंडा लगेच म्हणाली, "लावू." घरी येऊन तिने मशीनसाठी खोलीत जागा करायला कपाटसुद्धा सरकवून घेतलं.

भूषणचे वडील, सहादेव, साथीच्या वर्षात मशीनवरच गेले होते. काचेपलीकडून भूषणने ते बघितलं होतं. गेविनने पुढच्या रविवारी अक्षरांतून त्याला विचारलं, वडिलांना काय होत होतं? भूषणने काही न लपवता सांगितलं. गेविनचे डोळे पत्र्यावर फिरले. म, श, न. मग न, क. मशीन नको.

"नक्की?"

डोळे मिटले.

"ॲमंडाला?"

त, स, ग. तू सांग.

"मी नाही सांगणार रे. तुझी बायको आहे ती. मला घरात घेणार नाही परत."

गेविन त्याच्याकडे नुसता बघत राहिला. दुसरं कोणी हे बोलू शकणार नाही, हे भूषणला कळत होतं. तो उठून स्वयंपाकघरात गेला.

भिंतीपलीकडून गेविनला सगळं ऐकू येत होतं. आधी भूषणचा आवाज, खालच्या पट्टीत. मग ॲमंडाचा, कधी ऐकला नव्हता इतका मोठा: "तू कोण सांगणारा? तू कोण? जपानला नेलंस तेव्हापासून तू त्याला—" भांडं आपटलं. दार उघडलं, बंद झालं. बाहेर व्हिन्सेंट ओसरीत बसला होता. तो भूषणला म्हणाला, "थांब रे, असा नको जाव," पण भूषण गेला.

ॲमंडा खोलीत आली. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. मग म्हणाली, "त्याला सांगता आलं. मला नाही?"

गेविनने डोळे मिटले. उघडले.

"का?"

तिने पत्रा उचलून त्याच्यासमोर धरला. तिला त्याची सवय नव्हती. रोजचं लागणारं, पाणी, कूस, लघवी, ती त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखायची, त्यामुळे हा पत्रा भूषणकडेच असायचा. त्याची नजर शोधत शोधत तिने पहिलं अक्षर धरलं. भ. मग त.

"भात?" ती म्हणाली. "भात हवाय? अरे, कसा देऊ तुला मी भात?"

त्याने डोळे मिटले नाहीत. तिने नाक पुसलं, पत्रा पुन्हा सरळ धरला. व. मग ट. मग पुन्हा त.

"वाट... वाटतं. वाटते." ती थांबली. ओठांतल्या ओठांत पहिल्यापासून जुळवत गेली. मग तिने पत्रा खाली ठेवला.

"भीती वाटते," ती म्हणाली. "मला पण, गेविन. मला पण रे."

नळी जपून बाजूला घेऊन ती त्याच्या शेजारी, पलंगाच्या कडेच्या अरुंद जागेत आडवी झाली. दिवस उतरला तरी ती उठली नाही. व्हिन्सेंट दारापर्यंत आला, उभा राहिला, आणि या वेळी काही न विचारता खुर्ची ओढून आत बसला.

मशीन लावलं नाही. पावसाळ्यातली बंदी उठून बोटी परत समुद्रात गेल्या त्याच्या थोड्या दिवसांनंतर, सकाळी, ॲमंडा त्याचं तोंड पुसत असताना गेविन गेला. मातीला भूषण आला होता. गर्दीच्या मागे, सिमेटरीच्या फाटकाशी उभा होता. व्हिन्सेंटने त्याला हाताला धरून पुढे आणलं आणि मूठभर माती त्याच्या हातात दिली. ॲमंडा त्याच्याकडे बघून एक शब्दही बोलली नाही. आजही फारशी बोलत नाही.